गावाचं दप्तर कुठं आहे? मेणवलीच्या ग्रामसभेस खुलं पत्र

सरपंच, सदस्य, भाऊसाहेब, ग्रामसभेला येणारी मंडळी, आणि कोरम भरतोय का हे लांबून बघत पारावर बसणारी मंडळी, सगळ्यांना नमस्कार.

पत्रास कारण की, मागच्या महिन्यात एका शनिवारी मी घाटावर बसलो होतो. पुण्याकडचं एक कुटुंब आलं होतं. फोटो काढून झाले, घंटा बघून झाली, मग सात-आठ वर्षांच्या पोरानं वाड्याकडं बोट करून विचारलं, "इथं कोण राहायचं?" बापानं सांगितलं, "नाना फडणवीस." पोरानं मान फिरवून गावाकडं बघितलं. "आणि तिकडं?" बाप म्हणाला, "ते शूटिंगसाठी आहे."

मी हसलो. त्या माणसाचा तरी काय दोष? २००४ साली आलेल्या एका हिंदी चित्रपटानं आपला घाट देशभर नेला, पण उत्तरेतलं कुठलंसं गाव म्हणून. त्यानंतर इथं इतके कॅमेरे लागले की आपली पोरं 'अॅक्शन' हा शब्द बाराखडीच्या आधी शिकली. संध्याकाळी घरी आलो, जेवायला बसलो, आणि घास घशात अडकला. कारण त्या बापाच्या हिशेबात मी, तुम्ही, आपले आजे-पणजे, सगळे सेटचा भाग झालो होतो. आणि त्याला खोडून काढायला माझ्याकडं कागदाचा एक कपटा नव्हता.

माझी ओळख बहुतेकांना आहे, तरी नव्या पिढीसाठी सांगतो. माझी सगळी नोकरी महसूल खात्याच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली, दुसऱ्या जिल्ह्यात. लोकांच्या पणज्यांचे कागद शोधून देणं हे माझं काम. मोडी वाचता येतं. तेव्हा पुढचं जे लिहितोय ते एका कारकुनाचं आहे, इतिहासकाराचं नव्हे.

आपल्या भाषेत 'दप्तर' हा एकच शब्द पोराच्या पाठीवरच्या पिशवीलाही लागतो आणि राज्याच्या कागदपत्रांनाही. तिसरी-चौथीत असताना गुरुजी म्हणाले होते, "आपल्या मेणवलीचं दप्तर पुण्याला आहे." मला वाटलं, कुणीतरी पोरगं सहलीला गेलं आणि दप्तर तिकडंच विसरून आलं. त्याला किती छड्या बसल्या असतील याची मी बरेच दिवस काळजी करत होतो.

ते दप्तर नानांचं. फडणीस म्हणजे कागद सांभाळणारा, हिशेब ठेवणारा. त्यातला 'नीस' हा फारसी 'नवीस', म्हणजे लिहिणारा. चिटणीस, पारसनीस सगळे त्याच कुळातले. पेशव्यांच्या कारभारातलं पान न् पान ज्याच्या नजरेखालून जायचं त्या माणसाचे कागद या वाड्यात होते. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या कुणालाही 'मेणवली दप्तर' हे नाव ओलांडून जाता येत नाही. पुढं साताऱ्याच्या रावबहादूर पारसनिसांनी ते कागद मिळवले, ते त्यांच्या साताऱ्याच्या संग्रहालयात गेले, आणि १९३९ साली तो संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात हलवला. बरं झालं. इथं राहिले असते तर वाळवीनं, नाहीतर कुणाच्या तरी चुलीनं खाल्ले असते. मी रेकॉर्ड रूममधला माणूस आहे. कागद कुठं आहे यापेक्षा तो आहे का, हे मी आधी विचारतो.

माझं दुखणं वेगळं आहे. दुसऱ्याचं दप्तर या गावानं शंभराच्या वर वर्षं सांभाळलं आणि स्वतःचं कधी काढलंच नाही.

नाना मेणवलीचे नव्हते, हे एकदा मोकळेपणानं मान्य करू. त्यांचं मूळ घराणं कोकणातलं, वेळासचं. जन्म १७४२ चा, साताऱ्याचा. हयात पुण्यात गेली आणि १३ मार्च १८०० रोजी देहही पुण्यातच ठेवला. मेणवली त्यांना मिळाली ती डिसेंबर १७६८ मध्ये. औंधचे भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी गाव दिलं. नानांनी सहा चौकांचा वाडा बांधला, कृष्णेला घाट बांधला, मेणेश्वर आणि विष्णू अशी दोन देवळं उभी केली. हे सगळं गाइड सांगतो, पाटीवरही असतं.

आता माझ्यासारख्या कारकुनाची खोड अशी की 'गाव दिलं' हे शब्द वाचले की तो थबकतो. गाव देतात म्हणजे काय देतात? दगड-धोंडे देत नाहीत. गावाचा वसूल देतात. वसूल म्हणजे कुणीतरी नांगरलं, पेरलं, राखलं, मळलं आणि त्यातला वाटा काढून ठेवला. ओसाड माळ कुणी नानांसारख्या माणसाला नजर करत नाही. म्हणजे १७६८ च्या आधी इथं गाव होतं, चांगलं पिकतं गाव होतं, पाटील होता, कुलकर्णी होता, बलुतेदार होते, नदीकाठची मळी कसणारे हात होते. आपला इतिहास पाटीवर जिथं सुरू होतो तिथं तो निम्म्यावर आलेला आहे.

आजूबाजूला बघा की. गावामागं पांडवगड आहे, तो शिलाहार राजा दुसऱ्या भोजानं बांधला असं सांगतात, म्हणजे नानांच्या सहाशे वर्षं आधी. लोहाऱ्याला बौद्ध लेणी कोरलेली आहेत, ती त्याच्याही कितीतरी आधीची. भोगावला वामन पंडितांची समाधी आहे; ते सतराव्या शतकातले. खाली वाईला अफझलखान सुभेदार होता. या सगळ्यांच्या मधून कृष्णाबाई वाहत होती आणि तिच्या या वळणावर कुणी राहतच नव्हतं, नाना आले आणि गाव उगवलं, असं कसं होईल?

घंटेचंही तसंच. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत, १७०७ हे साल आहे, आणि ती वसईहून आली, हे आपल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. पण परवा एक जण पाहुण्यांना ठासून सांगत होता, "चिमाजी अप्पांनी स्वतः इथं बांधली." जरा बोटं मोजूया. वसई पडली मे १७३९ मध्ये. चिमाजी अप्पा वारले १७४० च्या अखेरीस. नानांचा जन्म १७४२ चा. गाव मिळालं १७६८ ला. म्हणजे वसईचा किल्ला सर झाला तेव्हा ज्यांच्या घाटावर ती टांगायची ते नाना जन्मालाही आले नव्हते आणि घाटाचा एक दगडही बसला नव्हता. ही घंटा मधली निदान एकोणतीस-तीस वर्षं दुसरीकडं नांदून मग मेणवलीला सासरी आली. वसईच्या अशा घंटा ठिकठिकाणी गेल्या. नाशकात नारोशंकराच्या देवळातली १७२१ ची घंटा तर इतकी गाजली की मोठ्या आवाजाच्या माणसाला तिकडं सरळ 'नारोशंकराची घंटा' म्हणतात. आपल्या घंटेच्या नावानं असं काही आपण बोलतो का? म्हणत असू तर लिहून ठेवायला हवं. शिवाय साडेसहाशे किलो भरेल असं सांगतात तिचं वजन. समुद्राकाठची घंटा सह्याद्री चढून इथवर आली ती कुणाच्या गाड्यांवर, कुणाच्या बैलांच्या खांद्यावर? विजय कुणाचा ते पाटीवर आहे, बैल कुणाचे ते नाही.

घाटाच्या पायऱ्यांवर हात फिरवून बघा. ऊन तिरपं असलं की टाकीचे घाव दिसतात. एकेका चिऱ्यावर शंभर-शंभर. ते घाव घालणाऱ्या पाथरवटांना किती दिवस लागले, रोज काय मिळाला, उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावर पाया कसा भरला, याचा हिशेब कुणीतरी नक्की लिहिला असणार, कारण मालक स्वतःच फडणीस होता. मोठ्या लोकांच्या दप्तरात लढाया आणि तह असतात तसा घरखर्चही असतो. म्हणून माझी पहिली मागणी ही: ग्रामसभेनं ठराव करून पुण्याला एक अर्ज पाठवावा. मेणवली गावाचा, इथल्या रयतेचा, बांधकामाचा उल्लेख असलेले कागद आम्हाला पाहायला मिळावेत आणि शक्य तर त्यांच्या प्रती मिळाव्यात. वाचायला मी जातो, एसटीच्या भाड्यापलीकडं काही मागत नाही. ज्येष्ठ नागरिक असल्यानं तेही फार होणार नाही.

एवढ्यानं मात्र भागणार नाही. कारण आपली खरी नोंद कागदावर कधी नव्हतीच, ती नदीकाठावर होती.

माझ्या लहानपणी पावसाळ्यात कुणी 'पूर किती आला' असं विचारत नसे. "किती गेल्या?" एवढंच विचारत. किती गेल्या म्हणजे घाटाच्या किती पायऱ्या पाण्याखाली गेल्या. आजी पहाटे उठून आधी तेवढं बघून यायची आणि मग चूल पेटवायची. ती नदी कधी म्हणालीच नाही. कृष्णाबाई म्हणायची, तेही शेजारच्या घरातल्या थोरल्या जाऊबाईंविषयी बोलावं तसं. "आज कृष्णाबाई तापल्यात, पोरांना सोडू नका." पाणी ओसरलं की काठावर पोयटा साचायचा, पायाला लोण्यासारखा लागणारा. त्या मळीत खताची पाटी टाकावी लागत नसे. मे महिन्यात धार तुटायची आणि डोह तेवढे राहायचे. वाळूत झिरे उकरून बायका वाटी-वाटीनं पाणी भरायच्या. डोहात मरळ, वांब, शिवडा. काठाला वाळुंज, करंज, उंबर. आम्ही पोहायला शिकलो ते वाळलेल्या भोपळ्यांची सांगड पोटाला बांधून. 'सांगड घालणं' म्हणजे काय हे मराठीच्या बाईंनी पुढं समजावलं तेव्हा मला एकदम पाण्याचा वास आला होता.

मग वर धोम धरण झालं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. साडेतेरा टीएमसी पाणी अडलं. त्याच्या बाजूनं बोलायचं तर खूप आहे: उन्हाळ्यात हिरवा दिसणारा ऊस, बारमाही रानं, दोन वेळची भाकरी. मी धरणाच्या विरोधात एक अक्षर लिहिणार नाही. माझं शिक्षण त्या पाण्यावर पिकलेल्या उसातून झालं. वरच्या खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली, त्यांची माणसं उठून लांब वसली, आणि आपण खालच्या अंगाला होतो म्हणून राहिलो, हेही विसरायला नको. पण त्यानंतर नदीची बोली बदलली. आता पायऱ्या कुणी मोजत नाही. मोबाइलवर निरोप येतो, धोममधून इतके क्यूसेक विसर्ग. पोयटा वरच अडला. झिरे उकरायचं कारण उरलं नाही म्हणून ते कुठं उकरायचे हेही कुणाला आठवत नाही. पाणी वाढलं आणि पाण्याविषयीचं ज्ञान आटलं. २०२१ च्या जुलैत आपल्याच तालुक्यात वरच्या अंगाला देवरुखवाडीवर दरड आली, जोरला पाण्यानं घरं नेली, तेव्हा म्हातारी माणसं एकमेकांना विचारत होती, "ह्याच्या आधी असा कधी आला होता?" प्रत्येकाचं साल वेगळं.

खाली वाईत ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ मध्ये बांधलं तेव्हा बांधणाऱ्यानं मागची भिंत माशासारखी निमुळती काढली, पुराची धार फुटून दोन्ही अंगांनी निघून जावी म्हणून. नदी कशी वागते हे पिढ्यान्‌पिढ्या बघितलेल्या माणसालाच ते सुचतं. तसलं शहाणपण आपल्याकडंही असणारच. पण ते ज्यांच्याकडं आहे त्यांची वयं आता ऐंशीच्या घरात आहेत.

रानांच्या नावांची तर मला जास्त चिंता आहे. आमच्या एका तुकड्याला 'बाभळीचं' म्हणतात. तिथं बाभूळ मी उभ्या जन्मात पाहिली नाही. वडिलांनीही नव्हती पाहिली. एका झाडाचं नाव झाड मेल्यावर तीन पिढ्या टिकलं. आता माझ्या मुलाला विचाराल तर तो गट नंबर सांगेल. एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबरांचे गट झाले आणि नावं बोलण्यातून गळत गेली. गंमत म्हणजे सात-बाराच्या उताऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' अशी एक ओळ आजही छापलेली असते. मी नोकरीत हजारो उतारे हाताळले, ती ओळ भरलेली क्वचित दिसली. सरकारनं जागा ठेवली आहे, आपण ती कोरी ठेवली आहे. आपल्या गावाचा नकाशा भिंतीवर लावावा, बायका-पुरुषांना बोलवावं आणि प्रत्येक तुकड्यावर त्याचं नाव लिहावं. एक दिवसाचं काम. भांडण झालंच तर नावाच्या उच्चारावरून होईल.

आता जे लिहायचं म्हणून हे पत्र इतके दिवस रेंगाळलं, ते लिहितो.

वडील गेल्यावर घराची वाटणी झाली. माझ्या वाट्याला माजघर आणि त्यातली एक लोखंडी पेटी आली. पेटीत कागद. शेतसाऱ्याच्या पावत्या, गुऱ्हाळाचे हिशेब, किती आदणं उतरली, गुळव्याला काय दिलं, हळद शिजवायला काहील कुणाची आणली, धरणाच्या वेळच्या नोटिसा, आणि तळाला फडक्यात बांधलेला मोडी कागदांचा एक जुडगा. मी रजेवर आलो होतो. दोन दिवसांत परत हजर व्हायचं होतं. रोज दुसऱ्यांचे असलेच कागद चाळून डोळे विटले होते. म्हटलं, कोण बघणार हे. दारावर भंगारवाला आला होता. त्यानं ताणकाट्याला लावून अकरा किलो भरवले आणि पैसे दिले. त्यात त्या दिवशी मुलांसाठी जिलेबी आणली.

ज्यानं तीस वर्षं लोकांना 'जुना कागद जपून ठेवा' असं सांगितलं त्यानं आपल्या घरचा कागद किलोवर विकला. दुसऱ्या कुणावर ढकलायला जागा नाही.

२०२३ च्या अखेरीस गावोगावी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा तुम्हाला आठवत असेल काय धावपळ उडाली होती. कोतवाल बुकं, म्हणजे गाव नमुना चौदाच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, त्यातल्या कितीतरी मोडीतल्या. मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला. माझ्याकडं रोज दोन-तीन जण येत. एक दिवस शेजारचा पोरगा आला, माझ्या नातवासारखा. म्हणाला, "आबा, आपल्या दोन्ही घरांचा पणजा एकच ना? तुमच्याकडं जुनं काही असंल बघा." मी त्याला चहा दिला. बघतो म्हणालो. बघायला काय होतं?

एक गोष्ट मात्र राहिली. पेटी विकली नव्हती, धान्याला उपयोगी म्हणून ठेवली होती. त्या दिवसांत रात्री झोप लागेना म्हणून उठून ती उघडली, तर झाकणाच्या आतल्या बाजूला खळीनं डकवलेला एक कागद. वडिलांच्या हातचा. दोन रकाने. एकात साल, दुसऱ्यात पायरी. कुठल्या वर्षी पाणी कितव्या पायरीला लागलं याची नोंद, ओळीनं, कधी शाईनं, कधी पेन्सिलीनं. आजी पहाटे बघून यायची आणि वडील लिहायचे, मला याचा पत्ताही नव्हता. तिसरी शिकलेला माणूस. त्याला कुणी फडणीस म्हटलं नाही.

असले कागद अजून आपल्या घराघरांत आहेत. देवघराच्या मागं, माळ्यावर, बियाणांच्या कणगीत, म्हातारीच्या गाठोड्यात. मला वाटतं, ग्रामपंचायतीनं एक कपाट घ्यावं आणि त्याला 'मेणवली दप्तर' असं नाव द्यावं. पुण्याचं ते पुण्याचं, आपलं हे आपलं. मूळ कागद कुणी देऊ नये. जमिनीचा कागद तर घराबाहेरच काढू नये, हे मी नोकरीतल्या अनुभवावरून बजावतो. दाखवायला आणावा, मी वाचून देईन, मोबाइलवर फोटो काढू, छापील प्रत कपाटात, मूळ कागद ज्याचा त्याच्या घरी. दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी शाळेच्या वऱ्हांड्यात बसेन. ज्यांच्याकडं कागद नाहीत त्यांनी बोलावं. सातवी-आठवीची पोरं वही घेऊन बसतील. त्यांना मोडीची धुळाक्षरंही शिकवीन, तेवढंच त्यांच्या पाठीवरच्या दप्तरात काहीतरी वजनदार जाईल.

बायकांना आधी बोलवा. घाटाला जेवढं बायकांनी ओळखलं तेवढं कुणी ओळखलं नाही. धुणं कुठल्या दगडावर, वाती कुठं सोडायच्या, माहेरवाशीण कुठल्या वाटेनं यायची, कृष्णाबाईच्या ओव्या कुणाला येतात, हे सगळं पुरुषांना विचारून कळायचं नाही. वाड्याची गोष्टसुद्धा बायकांची म्हणून कुणी सांगत नाही. नाना गेले तेव्हा त्यांच्या मागं राहिलेल्या जिऊबाई कोवळ्या वयाच्या होत्या. पेशव्यांचा रोष, लोहगडावरचे दिवस, मग इंग्रजांनी बांधून दिलेलं पेन्शन, एवढ्यातून त्यांनी मेणवली राखली. वाडा ज्यांच्यामुळं घराण्यात टिकला त्या बाईंचं नाव आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

आणि एक गोष्ट अवघड आहे, पण बोलून ठेवतो. दप्तर काढायचं तर सगळ्यांचं काढायचं. नदी सगळ्यांची होती, पाणवठे नव्हते. कुणी कुठल्या जागी पाणी भरायचं, कुणाला खालच्या अंगाला जावं लागायचं, गावाची कामं कुणाच्या वाट्याला न विचारता यायची, ते लिहिताना आपण अंग चोरलं तर कपाट न घेतलेलं बरं. कुलकर्णी वतन १९५० च्या कायद्यानं गेलं, त्याच दशकात महार वतनंही गेली; पण त्या आधी गावात लिहिणारा एकच होता आणि ज्यांच्याविषयी लिहिलं जायचं ते पुष्कळ होते. आता त्यांच्या नातवंडांनी स्वतः लिहावं. मी वही पुढं करीन आणि गप्प बसेन.

ग्रामसभेत काय बोललं जाईल याचा मला अंदाज आहे. एक जण म्हणेल, यानं पोट भरतं का? नाही भरत. दुसरा म्हणेल, जुनं उकरलं की भांडणं निघतात. बांधाची भांडणं कागद नसतानाही जोरात चालू आहेत, तेव्हा तो धोका फार वाढेल असं वाटत नाही. तिसरा म्हणेल, आपल्या एवढ्याशा गावाचा कसला इतिहास? त्याला एवढंच सांगायचं की इथून तीन किलोमीटरवर, वाईत बसून, माणसांनी अख्खा मराठी विश्वकोश लिहून काढला. सगळ्या जगाची माहिती 'अ'पासून. आपल्याला फक्त एका गावाची लिहायची आहे.

विनंती अशी की हा विषय २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या नोटिशीत रीतसर घ्यावा. 'ऐनवेळी येणारे विषय' या सदरात ढकलू नये. तिथं गेलेल्या विषयांचं काय होतं ते मला माहीत आहे. अशा इतिवृत्तांचे गठ्ठे मी आयुष्यभर बांधले आहेत. कपाटाचा खर्च कुठल्या निधीतून बसतो ते भाऊसाहेब पाहतील. नाही बसला तर वर्गणीत माझे अकरा किलो रद्दीचे पैसे आजच्या भावानं धरा.

आपला,
मेणवलीचाच एक, निवृत्त अभिलेखपाल

ता. क. कपाट लोखंडीच घ्या, लाकडी नको. भिंतीपासून वीतभर पुढं आणि जमिनीपासून विटांवर उचलून ठेवा. नदीकाठच्या भिंती पावसाळ्यात घाम धरतात. डांबरगोळ्या चालतील, पण जुने लोक रुमालात वेखंड बांधायचे, ते जास्त टिकतं. वेखंड मी घेऊन येतो.